भटारखान्यातून पडद्यावर: शेफच्या दूरचित्रवाणी कारकिर्दीची वाट

दूरचित्रवाणीवर दिसणारा शेफ एकाच वेळी दोन धंदे करत असतो. हॉटेलच्या भटारखान्यातून गिऱ्हाइकाला पदार्थ मिळतो, शेफ दिसत नाही. पडद्यावर शेफ दिसतो, पदार्थ मात्र प्रेक्षकाच्या जिभेपर्यंत कधीच पोहोचत नाही. चव, वास, आच, मऊ-कडकपणा हे सारे तिथे बोलण्यातून, हातांच्या हालचालींतून आणि फोडणीच्या आवाजातून पोहोचवावे लागते. त्यामुळे उत्तम शेफ आपोआप उत्तम सूत्रधार होत नाही आणि नुसता बोलघेवडा माणूस या क्षेत्रात फार काळ तग धरत नाही. हात इतके सरावलेले हवेत की त्यांच्याकडे लक्ष न देताही ते बिनचूक चालतील. तेव्हाच नजर आणि बोलणे प्रेक्षकासाठी मोकळे होते. ही कारकीर्द करू पाहणाऱ्याने कशाच्या आधी काय करावे, याचा उलगडा बहुतांशी या एका गोष्टीतून होतो.

भारतात या वाटेवरचे सर्वांत ठळक नाव संजीव कपूर यांचे. १९६४ साली अंबाल्यात जन्मलेल्या कपूर यांनी दिल्लीतील पुसा येथील हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत शिक्षण घेतले, जवळपास दशकभर हॉटेलांच्या भटारखान्यांत काम केले आणि तिशीच्या आतच ते मुंबईच्या सेंटॉर हॉटेलात एक्झिक्युटिव्ह शेफ झाले. झी टीव्ही १९९२ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. नव्या उपग्रह वाहिन्यांना कमी खर्चात होणारे कार्यक्रम हवे होते, आणि पाककृतींचा कार्यक्रम एका सेटवर, एका माणसात, मसाले-भांड्यांच्या प्रायोजकांच्या जोरावर उभा राहत असे. १९९३ मध्ये ‘खाना खजाना’ सुरू झाला. त्याचे दिग्दर्शक होते हंसल मेहता. कार्यक्रमाचे आधी ठरलेले नाव ‘श्रीमान बावर्ची’ होते. कपूर यांना ते रुचले नाही आणि ते बदलले गेले. नवख्या माणसाने शीर्षकावर हरकत घेणे धाडसाचेच. पण शीर्षक पुढे वर्षानुवर्षे माणसाच्या नावाला चिकटून राहते, त्यामुळे हरकत घ्यायची तर ती पहिल्याच बैठकीत. पुढे २०११ मध्ये त्यांनी ‘फूडफूड’ ही स्वतःची वाहिनी काढली, आणि २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या कहाणीत क्रम महत्त्वाचा आहे: आधी पद, मग पडदा. विकास खन्ना, रणवीर ब्रार, कुणाल कपूर यांचाही क्रम तोच. नागपूरचे विष्णू मनोहर केटरिंग आणि ‘विष्णुजी की रसोई’ या रेस्टॉरंटच्या व्यवसायातून ‘मेजवानी’सारख्या मराठी कार्यक्रमांत आले, २०१७ मध्ये त्यांनी नागपुरात पन्नासहून अधिक तास सलग स्वयंपाक करून विक्रम केला, त्यामागे मोठ्या जेवणावळींचा सराव होता. याहून निराळी वाटही आहे, आणि दोन्हींची गल्लत करू नये. तरला दलाल किंवा ‘मधुराज रेसिपी’च्या मधुरा बाचल या हॉटेलच्या भटारखान्यातून आलेल्या नाहीत; घरच्या स्वयंपाकाची विश्वासार्हता हे त्यांचे भांडवल. अमेरिकेत १९६३ मध्ये ‘द फ्रेंच शेफ’ या कार्यक्रमाने घराघरांत पोहोचलेल्या ज्युलिया चाइल्ड तर फ्रेंचही नव्हत्या आणि रेस्टॉरंटच्या शेफही नव्हत्या. व्यावसायिक शेफकडून प्रेक्षकाची अपेक्षा वेगळी असते. घरात जे जमत नाही ते का जमत नाही, हे त्याने सांगावे, असे प्रेक्षकाला वाटते.

भटारखान्यातली वर्षे

शिक्षणाचा राजमार्ग बारावीनंतरचा हॉटेल मॅनेजमेंटचा पदवी अभ्यासक्रम. केंद्रीय संस्थांतील प्रवेशासाठी राष्ट्रीय पातळीवरची संयुक्त परीक्षा असते. मुंबईत दादरची संस्था १९५४ पासूनची, म्हणजे देशातल्या सर्वांत जुन्या संस्थांपैकी. गोव्यात पर्वरीला आणि पुण्यात शिवाजीनगरला अशा संस्था आहेत. अभ्यासक्रमात स्वयंपाकाबरोबर सेवा, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, हिशेब हे सगळे शिकावे लागते. पुष्कळ विद्यार्थ्यांना हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात फूड कॉस्टिंगची वही पुढे करार करताना आणि रेस्टॉरंट काढताना जेवढी उपयोगी पडते, तेवढी फ्रेंच सॉसची यादी पडत नाही.

पदवीनंतर उतरंड सुरू होते. तळाशी कॉमी, त्यातही तीन पायऱ्या. मग डीसीडीपी (डेमी शेफ द पार्ती), सीडीपी (शेफ द पार्ती, म्हणजे एका विभागाचा प्रमुख), सू शेफ आणि शेवटी एक्झिक्युटिव्ह शेफ. ही रचना फ्रेंच शेफ ऑग्युस्त एस्कॉफिये यांच्या काळापासून चालत आलेली आहे. कॉमीच्या पहिल्या वर्षात कांदे सोलणे, पोती उचलणे, वॉक-इन फ्रिज लावणे हेच काम असते, आणि पाळी अनेकदा बारा तासांच्या पुढे जाते. ज्याला पडद्यावर जायचे आहे त्याने या वर्षांत एका गोष्टीचा आग्रह धरावा: विभाग बदलून मिळण्याचा. एकाच तंदूरवर पाच वर्षे उभा राहिलेला माणूस तंदूरचा उस्ताद होतो. पडद्यावर मात्र आज पुरणपोळी, उद्या मासे आणि परवा केक करावा लागतो. थंड पदार्थांचा विभाग, हलवाई, बेकरी, बँक्वे आणि भारतीय विभाग यांत प्रत्येकी निदान काही महिने गेलेले असावेत.

किती वर्षे, याला ठरीव उत्तर नाही. सू शेफपर्यंत पोहोचायला साधारण सात ते दहा वर्षे लागतात, आणि तेवढी दिलेली बरी. कारण पदाबरोबर एक कमी दिसणारी गोष्ट येते: दुसऱ्याला शिकवण्याची सवय. सीडीपीला रोज नव्या कॉमीला तेच तेच समजावून सांगावे लागते, घाईत, थोडक्या शब्दांत, हात चालू ठेवून. कॅमेऱ्यासमोर नेमके हेच करायचे असते. पाळीच्या गर्दीत ओरडल्याशिवाय शिकवता येणाऱ्या सीडीपीला वेगळ्या अँकरिंगच्या वर्गाची फारशी गरज पडत नाही.

हॉटेलातले प्रमाण, घरातली शेगडी

हॉटेलातून आलेल्या शेफची पहिली फजिती घरच्या गॅसवर होते. भटारखान्यात पनीरची भाजी पाच-सात मिनिटांत पासवर, म्हणजे वाढप्याकडे देण्याच्या टेबलावर, येते, कारण मखनी, कांदा-टोमॅटोची आणि काजूची पांढरी अशा ग्रेव्ह्या सकाळीच मोठ्या पातेल्यांत तयार झालेल्या असतात आणि बर्नरची आच घरच्या शेगडीच्या कित्येक पट असते. तीच कृती प्रेक्षकाला ‘दहा मिनिटांत’ म्हणून सांगितली की घरी कांदा परतायलाच वीस मिनिटे जातात आणि विश्वास उडतो.

शंभर माणसांचे प्रमाण पंचवीसने भागून चार माणसांचे प्रमाण निघत नाही, हेही इथे कळते. रुंद भांड्यात पाण्याची वाफ वेगळ्या वेगाने होते. खडा मसाला, मिरची, मीठ सरळ भागाकाराने कमी होत नाहीत. म्हणून पडद्यावर जाणारी प्रत्येक कृती घरगुती शेगडीवर, घरगुती कढईत, घरगुती मिक्सरवर निदान तीनदा करून पाहावी, आणि त्यातली एक खेप स्वयंपाकाची फारशी सवय नसलेल्या माणसाकडून करवून घ्यावी. तो जिथे अडखळतो, तिथे पडद्यावर एक वाक्य जास्त बोलायचे असते. मापे वाटी-चमच्यात द्यावीत. १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने मराठी घरांना याच मापांची सवय लावली, आणि ‘एकशे ऐंशी ग्रॅम’ ऐकून वजनकाटा काढणारे घर आजही विरळाच. बेकिंग हा एकच अपवाद. तिथे ग्रॅमच सांगावेत.

प्रांताप्रांतांच्या पदार्थांबाबत मराठी प्रेक्षक फार जागरूक असतो. मालवणी मसाल्याच्या जागी गोडा मसाला गेला किंवा सावजी रस्सा नुसता लाल तिखटावर उरकला, की दुसऱ्या दिवशी तक्रारी येतात, आणि त्या बहुधा बरोबर असतात. सावजी जेवण नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाच्या घरांतून आलेले आहे. अशा पदार्थाचा उगम आणि ज्यांच्याकडून तो शिकला त्यांचा उल्लेख कार्यक्रमात करावा. सौजन्य म्हणून तर करावाच, पण शेफने कुठे कुठे जाऊन पाहिले आहे हेही त्यातून कळते. बदल केला असेल तर तसे सरळ सांगावे. फक्त ‘अस्सल’ म्हणून बदललेली कृती खपवू नये.

चित्रीकरणाचा दिवस

अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात जाहिराती वजा जाता बावीस मिनिटांच्या आसपास वेळ उरतो, आणि त्यात दोन किंवा तीन पदार्थ बसवायचे असतात. स्टुडिओचे भाडे दिवसाचे असल्याने एका दिवसात अनेक भाग उरकले जातात. हे शक्य होते ते पदार्थ टप्प्याटप्प्यांत आधीच करून ठेवल्यामुळे.

भरली वांगी घेतली, तर टेबलामागे चार संच असतात. पहिल्यात देठासकट कोवळी वांगी टोपलीत. दुसऱ्यात चार चिरा दिलेली वांगी मिठाच्या पाण्यात, आणि बाजूला शेंगदाण्याचे कूट, खोबरे, गूळ, चिंचेचा कोळ, मसाला काचेच्या वाट्यांत. तिसऱ्यात कढईत निम्मी शिजलेली, झाकण ठेवलेली वांगी. चौथ्यात तेलाचा तवंग आलेली, पूर्ण झालेली दिसणारी भाजी. तिलाच सेटवर ‘हीरो’ म्हणतात आणि तिला कोणी हात लावायचा नसतो. शेफ कॅमेऱ्यासमोर एकाच वांग्याला चिरा देतो, एकच वांगे भरतो, आणि वाक्य तुटू न देता दुसऱ्या संचाकडे सरकतो. फोडणी मात्र खरी करावी लागते. तेल किती तापले आहे हे बोलता बोलता नजरेने ओळखून नेमक्या वाक्यावर मोहरी टाकायची. वाक्य लांबले तर मोहरी जळते आणि अख्खा टेक पुन्हा. टेक मिळाल्यावर तीच फोडणी वरून दिसणाऱ्या कॅमेऱ्यासाठी परत करायची, त्याच उंचीवरून, त्याच हाताने. मिक्सर चालू असताना बोलू नये, कारण ते बोलणे वापरता येत नाही. प्रखर दिव्यांखाली कोथिंबीर काही मिनिटांत मान टाकते, म्हणून शेवटच्या क्षणी नवी पेरतात. ‘हीरो’ मुद्दाम जरा कमी शिजवलेला असतो. पूर्ण शिजलेले वांगे दिव्यांखाली बसकण मारते.

हे सगळे फूड स्टायलिस्ट आणि त्याचे सहायक सांभाळतात. शेफने त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून जुळवून घ्यावे. हॉटेलात भटारखाना शेफच्या शब्दावर चालतो, सेटवर तो दिग्दर्शकाच्या शब्दावर चालतो. अनेक अनुभवी शेफना हा बदलच सर्वांत जड जातो. कढई प्रेक्षकाकडे कलती धरणे, कॅमेऱ्याकडे पाठ न करणे, चव घेतलेला चमचा परत पदार्थात न घालणे, नखे कापलेली आणि अंगठ्या उतरवलेल्या असणे, या बारीकसारीक गोष्टी महिनाभरात अंगवळणी पडतात. भाग रिकामा वाटला तर दोष बहुधा पूर्वतयारीचा असतो. हॉटेलात जिला मिझाँप्लास म्हणतात तीच शिस्त इथेही, फक्त त्यात पदार्थाबरोबर वाक्येही येतात: परतताना काय बोलायचे, झाकण ठेवल्यावर काय बोलायचे, हे लिहून काढलेले असावे. ‘आता कांदा परतून घेऊ’ हे प्रेक्षकाला दिसतच असते. वांगी मिठाच्या पाण्यात का ठेवली, गूळ आधी का घालायचा नाही, हे सांगितले तर तो कार्यक्रम पाहण्याला कारण मिळते.

चूक झाली तर काय, याचे उत्तर ज्युलिया चाइल्ड यांनी पहिल्याच वर्षी देऊन ठेवले. तव्यातले बटाट्याचे जाड धिरडे उलटवताना त्यांचा नेम चुकला आणि निम्मा ऐवज शेगडीवर सांडला. त्यांनी तो उचलून परत तव्यात घातला आणि उलटवताना आपला धीर कमी पडला, असे तिथल्या तिथे सांगून टाकले. चूक लपवली नाही आणि तिचे कारण दिले, म्हणून ती शिकवणी झाली. घरी प्रत्येकाचा घावन कधी ना कधी फाटतोच. अपवाद स्वच्छतेचा आणि सुरक्षिततेचा: कच्च्या कोंबडीचा सुरा कोशिंबिरीला लागला तर तो टेक टाकूनच द्यावा.

तकियाकलामाविषयी दोन शब्द. अमेरिकेतील एमरिल लगासी यांचे मसाला टाकताना ‘बॅम’ म्हणणे, हरपालसिंग सोखी यांचे ‘नमक शमक’ ही ओळखीची चिन्हे झाली. ती मुद्दाम बनवायला गेले की केविलवाणी वाटतात. सहज आलेला शब्द निर्माता आपणच ओळखून टिकवतो.

पडद्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटा

मराठी वाहिन्यांवर शेफची स्पर्धा शेफशी कमी आणि नटांशी जास्त असते. ‘आम्ही सारे खवय्ये’चे सूत्रधार प्रशांत दामले होते, पदार्थ करायच्या गृहिणी आणि पाहुणे, गप्पा आणि चव घेणे दामल्यांकडे. वाहिनीच्या दृष्टीने हा हिशेब बरोबर होता. त्यामुळे ‘उत्तम स्वयंपाक करतो’ एवढ्यावर निर्माता भाळत नाही. त्याला कल्पना लागते: कोणासाठी, कोणत्या वेळेला, कोणत्या प्रायोजकाच्या मदतीने. किनारपट्टीची गावे फिरून केलेली माशांची मालिका, मधुमेह असलेल्यांचे सणाचे जेवण, वसतिगृहातल्या मुलांचा एका इंडक्शनवरचा स्वयंपाक, अशी एका वाक्यात सांगता येणारी कल्पना दोन पानांत लिहून आणि तेरा भागांचे पदार्थ ठरवून न्यावी.

सोबत तीन मिनिटांची ध्वनिचित्रफीत द्यावी. एकच पदार्थ, घरचीच शेगडी, पार्श्वसंगीत नको, प्रमाणपत्रांची माळ नको. मोबाइलचा कॅमेरा चालतो. कॉलरचा माइक मात्र वेगळा घ्यावा, कारण चित्र जरा धूसर चालते, आवाज धूसर चालत नाही. हिंदीत आणि मराठीत अशा दोन फिती कराव्यात. मराठीतली हिंदीचे भाषांतर वाटत असेल तर ती न दिलेली बरी.

रिॲलिटी शोबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. २०१० मध्ये स्टार प्लसवर सुरू झालेल्या ‘मास्टरशेफ इंडिया’च्या पहिल्या पर्वात अक्षय कुमार यांच्याबरोबर कुणाल कपूर आणि अजय चोप्रा हे शेफ परीक्षक होते. या कार्यक्रमाचा मूळ ढाचा हौशी स्वयंपाक्यांच्या स्पर्धेचा आहे. व्यावसायिक शेफची जागा तिथे परीक्षकाची किंवा पडद्यामागच्या मार्गदर्शकाची. कधी कधी दार भलतीकडूनच उघडते. जेमी ऑलिव्हर लंडनच्या रिव्हर कॅफेत काम करत होते. १९९७ मध्ये त्या रेस्टॉरंटवर झालेल्या माहितीपटात ते मागे कुठेतरी दिसले, निर्मात्यांच्या नजरेत भरले आणि १९९९ मध्ये बीबीसीवर ‘द नेकेड शेफ’ आला. असा योग ठरवून आणता येत नाही. मात्र आपल्या भटारखान्यात कॅमेरा येतो तेव्हा रजेवर न जाणे हातात असते.

यूट्यूबमुळे वाहिनीची वाट पाहणे संपले आहे. तिथे स्वतःचे नाव, स्वतःची वेळ आणि प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया लगोलग मिळतात. वाहिन्यांचे लोकही नवे चेहरे तिथेच शोधतात. तोटा एवढाच की संपादन करणारा दिग्दर्शक नसतो, आणि वीस मिनिटांचा व्हिडिओ आठ मिनिटांत कसा मावला असता हे सांगणारे कोणी नसते.

नोकरीत असताना हे काही करायचे असेल तर नेमणूकपत्र काढून वाचावे. बाहेरच्या कामाला मनाई करणारे कलम बहुतेक हॉटेलांच्या पत्रात असते. पडद्यावर हॉटेलचे नाव येणार असेल तर व्यवस्थापन अनेकदा खुशीने परवानगी देते, पण ती लेखी घ्यावी, आणि हॉटेलच्या मेन्यूतील कृती दाखवता येतील की नाही हे त्यातच स्पष्ट करून घ्यावे.

करार, जाहिराती आणि कायदा

पहिल्या कराराच्या वेळी मानधनाच्या आकड्याकडेच लक्ष जाते. खरा पैसा इतर कलमांत अडकलेला असतो. मानधन भागामागे की दिवसामागे. पुनःप्रक्षेपणाचे आणि ओटीटीवर दाखवण्याचे वेगळे मिळणार का. कृतींचे पुस्तक काढण्याचा हक्क कोणाकडे. दुसऱ्या वाहिनीवर किती काळ जायचे नाही. प्रायोजकाच्या स्पर्धकाची जाहिरात करता येणार नाही ही अट फक्त कार्यक्रम चालू असेपर्यंत की त्यानंतरही. कार्यक्रमाच्या नावावर आणि शेफच्या नावावर मालकी कोणाची. शेवटच्या दोन मुद्द्यांवर माध्यमांची कामे पाहणाऱ्या वकिलाचा सल्ला घेण्यात काटकसर करू नये. नुसत्या जिन्नसांच्या यादीवर कॉपीराइट मिळत नाही. कृती ज्या शब्दांत लिहिली ते लेखन, छायाचित्रे आणि चित्रफीत यांना संरक्षण मिळते. म्हणून वाहिनीला दिलेल्या प्रत्येक कृतीची स्वतःच्या शब्दांतली, तारखेची प्रत आपल्याकडे ठेवावी. नाव चालू लागले की ट्रेडमार्कची नोंदणी लांबवू नये.

जाहिरात करणाऱ्या शेफवर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ थेट जबाबदारी टाकतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत सामील झालेल्या व्यक्तीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसेच घडले तर ५० लाखांपर्यंत. शिवाय काही काळ जाहिराती करण्यास बंदीही येऊ शकते. उत्पादनाच्या दाव्यांची आपण योग्य ती छाननी केली होती, हे दाखवता आले तर बचाव होतो. त्यामुळे ‘कोलेस्टेरॉल कमी करणारे’ तेल किंवा ‘प्रतिकारशक्ती वाढवणारा’ मसाला यांसारख्या दाव्यांचे चाचणी अहवाल कंपनीकडून मागून घ्यावेत आणि जपून ठेवावेत. शेफच्या तोंडून आलेला आरोग्याचा दावा नटाच्या तोंडून आलेल्यापेक्षा जास्त खरा वाटतो, म्हणून जबाबदारीही जास्त. समाजमाध्यमांवर पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या शिफारशीवर तसा ठळक उल्लेख करणे बंधनकारक आहे. सेवांचे वार्षिक उत्पन्न २० लाखांच्या पुढे गेले की जीएसटी नोंदणी लागते, आणि मानधन, जाहिराती, कार्यशाळा मिळून तो आकडा वाटतो त्याहून लवकर गाठला जातो.

पडद्याबाहेरचा धंदा

कार्यक्रमाचे मानधन ही या कारकिर्दीतली सर्वांत अनिश्चित मिळकत आहे. वाहिनीने वेळ बदलली, प्रायोजक हटला की कार्यक्रम थांबतो. टिकाऊ मिळकत त्याभोवती उभी करावी लागते: पुस्तके, कार्यशाळा, हॉटेलांना आणि खाद्य कंपन्यांना सल्ला, स्वतःच्या नावाची उत्पादने. संजीव कपूर यांनी स्वयंपाकाची भांडी आणि उपकरणे विकणाऱ्या ‘वंडरशेफ’च्या स्थापनेत भाग घेतला. हा मार्ग शहाणपणाचा आहे, कारण कुकर आणि तव्यांच्या धंद्यात शेफचे नाव कामी येते आणि रोज संध्याकाळी शेफला स्वतः हजर राहावे लागत नाही. मसाले किंवा तयार पिठे बाजारात आणायची तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना, वेष्टनावरची माहिती आणि प्रत्येक घाण्याची चव सारखी राखणे ही कामे अंगावर येतात. ज्याने बँक्वेचे हिशेब सांभाळले आहेत त्याला ती नवी नसतात.

रेस्टॉरंटचे मात्र तसे नाही. प्रसिद्ध चेहऱ्यामुळे पहिले सहा महिने टेबले भरतात, त्यानंतर भाडे, पगार आणि जेवण यांचाच हिशेब चालतो. जेमी ऑलिव्हर यांची ‘जेमीज इटालियन’ ही साखळी २००८ मध्ये सुरू झाली आणि झपाट्याने वाढली. मे २०१९ मध्ये त्यांचा ब्रिटनमधला रेस्टॉरंट समूह दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, २५ पैकी २२ ठिकाणे बंद पडली आणि सुमारे १,००० माणसांच्या नोकऱ्या गेल्या. ऑलिव्हर तेव्हाही ब्रिटनमधल्या सर्वांत खपाऊ पुस्तकांचे लेखक होते. २००५ मध्ये त्यांनी शाळांतल्या जेवणावर केलेल्या मालिकेमुळे तिथल्या सरकारला त्यासाठी २८ कोटी पौंड जाहीर करावे लागले होते. एवढ्या नावानेही महागडी भाडी पेलली नाहीत. रेस्टॉरंट काढायचेच तर चालवणारा सू शेफ आणि व्यवस्थापक आधी ठरवावा, मग जागा. रोजचा स्वयंपाक दुसऱ्याच्या हातचा आणि बदनामी आपल्या नावाची, अशी ही मांडणी असते.

कारकीर्द लांबवायची असेल तर दर काही वर्षांनी कामाचा आकार बदलावा लागतो. रणवीर ब्रार हे याचे चांगले उदाहरण. लखनौच्या कबाबवाल्यांकडे उमेदवारी, हॉटेल मॅनेजमेंट, हॉटेलांतली पदे, बोस्टनमधला रेस्टॉरंटचा अनुभव, मग वाहिन्या आणि ‘मास्टरशेफ’चे परीक्षकपद. पाककृतींच्या कार्यक्रमांत त्यांनी हळूहळू पदार्थांच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली आणि पुढे ते अभिनयाकडेही वळले. २०२२ च्या ‘मॉडर्न लव्ह मुंबई’तील ‘बाई’ या कथेत ते दिसले. तिचे दिग्दर्शक होते ‘खाना खजाना’वालेच हंसल मेहता. वर्षातून काही आठवडे भटारखान्यात परत जाणे हाही एक उपाय आहे. प्रत्यक्ष पाळी सुटली की सुऱ्याचा वेग आधी जातो, नव्या यंत्रांची ओळख मग, आणि जाणत्या प्रेक्षकाला ते हातांकडे पाहूनच कळते.

सगळ्यांनाच कॅमेऱ्यासमोर जागा मिळत नाही, आणि मिळावी असेही नाही. याच उद्योगात कॅमेऱ्यामागे शेफसाठी पुरेसे काम आहे: फूड स्टायलिस्ट, कृती तपासून लिहिणारा, मालिकेचे पदार्थ ठरवणारा संशोधक, स्पर्धेतील पेच आखणारा, चित्रपटांतल्या जेवणाच्या दृश्यांचा सल्लागार. यातल्या कित्येकांना दिवसाच्या हिशेबाने पैसे मिळतात आणि एका निर्मात्याकडून दुसऱ्याकडे नाव जाते. पाळीची नोकरी न सोडता सुट्टीच्या दिवशी एखाद्या स्टायलिस्टच्या हाताखाली उभे राहिले, तर सेटची भाषा, वेळेचा हिशेब आणि निर्मात्यांच्या ओळखी तिन्ही मिळतात. कॅमेऱ्यासमोर उभे राहणे आपल्याला झेपेल की नाही, याचा अंदाजही तिथे दोन-चार चित्रीकरणांत येतो.